वाचनालयातील प्रदर्शनाच्या फलकांसाठी फोमबोर्ड घ्यावा की सनबोर्ड, आणि तो घरी नीट कसा कापावा?

आपण विचारले आहे की रत्नागिरी जिल्ह्यातील एका वाचनालयाच्या जुन्या इमारतीत जुलैपासून तीन महिने जुन्या छायाचित्रांचे ३० फलक लावायचे आहेत, प्रत्येक फलक साधारण दोन फूट बाय तीन फूट आहे, भिंती चुन्याने रंगवलेल्या आहेत, आणि आतापर्यंत आणलेल्या फोमबोर्डाच्या कडा कटरने कापताना फाटत आहेत. मी सांगलीत गेली अठरा वर्षे नामफलक आणि प्रदर्शनाचे फलक तयार करतो. आपण दिलेल्या माहितीतील ‘जुलै’ हा शब्द वाचल्याबरोबर माझे उत्तर ठरले: ५ मिलीमीटरचा सनबोर्ड घ्यावा.

फोमबोर्ड म्हणजे दोन जाड कागदांच्या मध्ये पॉलिस्टायरीनचा, म्हणजे थर्माकोलच्याच जातीचा, गाभा असतो. तो अतिशय हलका आणि दिसायला देखणा असतो, आणि हिवाळ्यात दोन दिवसांच्या संमेलनासाठी मी स्वतः तोच सुचवतो. कोकणातल्या पावसाळ्यात मात्र त्याचा कागद हवेतील दमटपणा ओढून घेतो, आणि एका बाजूला व्हिनाइल, म्हणजे छायाचित्र छापलेला चिकट पाठीचा प्लास्टिकचा पातळ थर, चिकटवलेले असल्यामुळे दुसरी बाजूच तेवढी फुगून फलक होडीसारखा वाकतो. मागील बाजूलाही तसेच व्हिनाइल लावले तर हा बाक बराच कमी होतो. पण मग खर्च सनबोर्डाच्या जवळ जातो आणि कडा उघड्याच राहतात. शुद्ध थर्माकोलचा विचार तर मनातही आणू नये, कारण सजावटीसाठी त्याच्या वापरावर महाराष्ट्रात २३ मार्च २०१८ च्या अधिसूचनेने आणि पुढे १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आलेली आहे.

आपल्याकडे ज्याला सनबोर्ड म्हणतात तो पीव्हीसी प्लास्टिक फुगवून केलेला पत्रा असतो. त्यात पाणी शिरत नाही, वाळवी लागत नाही, आणि साध्या कटरने तो कापता येतो. निवडणुकीच्या दिवसांत खांबांवर दिसणारे पन्हळी सनपॅक याहून स्वस्त मिळेल, परंतु ते पॉलिप्रॉपिलीन या वेगळ्या प्लास्टिकचे असल्यामुळे त्यावर गोंद व चिकटपट्टी भरवशाने धरत नाही, आणि जवळून पाहणाऱ्याला छायाचित्राखालून पन्हळीच्या रेषा दिसत राहतात. जुन्या छायाचित्रांना ते शोभणार नाही.

सनबोर्ड घेताना जाडी आणि वजन या दोन्ही गोष्टी दुकानातच तपासाव्यात. ५ मिलीमीटर म्हणून मला दिलेली एक शीट घरी व्हर्नियर लावून मोजली तेव्हा सव्वाचार भरली होती. हा फरक क्षुल्लक वाटतो, पण पत्र्याचा ताठपणा जाडीच्या घनाच्या प्रमाणात वाढतो. म्हणजे त्याच मालाची ५ मिलीमीटरची शीट ३ मिलीमीटरच्या शीटपेक्षा दीडपटीने नव्हे, तर साडेचारपटीहून अधिक ताठ असते, आणि सव्वाचारची शीट पाचाच्या तुलनेत जवळजवळ चार दशांश ताठपणा गमावून बसते. वजनाचा हिशेबही सोपा आहे. घनता घनसेंटिमीटरला अर्धा ग्रॅम धरली तर आठ बाय चारची ५ मिलीमीटरची शीट साडेसात किलोच्या आसपास भरते. ती फारच हलकी भरली, किंवा अंगठ्याचे नख कडेवर दाबताच खोल रुतले, तर माल पोकळ आहे असे समजावे.

आता मापाचा प्रश्न. आठ बाय चारच्या शीटमधून दोन बाय तीनचे पाचच फलक निघतात आणि एक फूट बाय दोन फुटांचा तुकडा उरतो. ३० फलकांसाठी सहा शीट लागतील. फलकाची उंची ३६ इंचांऐवजी ३२ इंच केली तर शीटच्या लांबीत बरोबर तीन आणि रुंदीत दोन असे सहा फलक बसतात, वाया काहीच जात नाही आणि पाच शीटमध्ये काम भागते. छायाचित्राखालच्या मजकुराच्या चार ओळी कमी कराव्या लागतील, आणि खरे सांगायचे तर उभ्याने वाचणाऱ्यांचे त्यामुळे भलेच होईल. एकच अडचण अशी की शीटच्या मूळ कडा अनेकदा काटकोनात नसतात, म्हणून दोन्ही कर्ण मोजून ते सारखे आहेत की नाहीत हे आधी पाहावे, आणि फरक निघाला तर गुण्या लावून एक कड सरळ करून घेऊन सर्व फलकांचे माप सूतभर कमी धरावे.

व्हिनाइल छापताना चारही बाजूंना ५ मिलीमीटर जादा छपाई ठेवण्यास सांगावे, ते आधी शीटवर चिकटवून घ्यावे आणि मग दोन्ही एकत्र कापावे, म्हणजे कडेला पांढरी रेघ राहत नाही. लॅमिनेशन मॅटच घ्यावे. चकचकीत लॅमिनेशनवर ट्यूबलाइटचे प्रतिबिंब पडते आणि छायाचित्रातल्या आजोबांच्या चेहऱ्याच्या जागी नळी दिसते.

कडा फाटण्याचे कारण बहुतेक वेळा बोथट पाते हेच असते. बोथट पाते फोम कापत नाही, त्याला पुढे ढकलत नेते आणि गाभ्याचे दाणे उपटून काढते. पात्याची टोके मोडून नवी धार काढण्याची युक्ती १९५६ मध्ये ओसाकाच्या योशियो ओकादा यांनी शोधली, आणि त्यांना ती चॉकलेटच्या वडीवरील खाचांवरून व काचेच्या फुटक्या तुकड्यांवरून सुचली असे सांगतात. पण आपल्याकडे कटर विकत घेणारा माणूस ते टोक मोडायला मात्र जिवावर येते असे वागतो. मी फोमबोर्डाच्या दर तीन-चार कापांनंतर एक टोक मोडतो. सनबोर्डासाठी १८ मिलीमीटर रुंदीचे पाते घ्यावे, कारण ९ मिलीमीटरचे पाते लांब कापात लवचिकतेमुळे वाकते आणि कड तिरपी येते. ते बारीक वळणांसाठी राखून ठेवावे.

कापताना फलक छापील बाजू वर करून सपाट टेबलावर ठेवावा, खाली कटिंग मॅट किंवा टाकाऊ बोर्ड घालावा, आणि जो भाग आपल्याला हवा आहे त्याच भागावर पोलादी पट्टी दाबून धरावी, म्हणजे पाते घसरलेच तर टाकाऊ बाजूला जाईल. पट्टीच्या खाली बारीक पॉलिश पेपरच्या दोन चिंधोट्या चिकटवल्या की ती सरकत नाही. पहिल्या ओढीत जोर लावू नये. फक्त व्हिनाइल आणि वरचे कातडे कापले जाईल एवढाच दाब द्यावा, कारण पुढच्या ओढींना वाट दाखवणारी खाच तीच असते. दुसऱ्या-तिसऱ्या ओढीत पाते त्याच खाचेत चालवून जाडीच्या निम्म्याहून थोडे अधिक खोल जावे, आणि मग काप टेबलाच्या कडेला आणून टाकाऊ भाग खाली दाबावा. सनबोर्ड ‘टक्’ असा आवाज करून सरळ मोडतो. मागची कड जराशी खरखरीत राहते. तिच्यावरून लाकडाच्या ठोकळ्याला गुंडाळलेला पॉलिश पेपर दोनदा फिरवला की ती साफ होते. फोमबोर्ड मात्र मोडायचा नसतो. पाते बरेच आडवे धरून, एका ओढीत वरचा कागद, दुसरीत गाभा आणि तिसरीत खालचा कागद, असा तो पूर्णच कापावा लागतो. शिल्लक राहिलेल्या फोमबोर्डावर हे करून पाहावे, आणि त्याला रबरी जातीचे, उग्र वासाचे पिवळे एसआर गोंद किंवा फेविक्विक कधीही लावू नये, कारण त्याचा गाभा विरघळून खड्डा पडतो.

एक गोष्ट कृपया लक्षात ठेवावी. कोणी लेसरवर कापून देतो म्हणाला तर सनबोर्ड त्याला देऊ नये. पीव्हीसी जळताना हायड्रोजन क्लोराइड वायू निघतो, जो फुप्फुसांनाही मारक आणि त्या यंत्रालाही. अक्षरे किंवा आकार कापून हवे असतील तर राउटर, म्हणजे फिरत्या पात्याने कापणारे यंत्र, असलेल्या दुकानात जावे.

चुन्याच्या भिंतीवर दुहेरी चिकटपट्टी टिकत नाही. चुन्याची पूड तिला चिकटून येते आणि रात्री फलक खाली पडतो. हे फलक प्रत्येकी सव्वा किलोचे होतील, म्हणून वरच्या कडेपासून इंचभर आत दोन भोके पाडून ते तंगुसाने वरच्या लाकडी पट्टीला टांगावेत, आणि भिंतीशी ओल येत असेल तर मागच्या खालच्या दोन कोपऱ्यांना सनबोर्डाच्याच उरलेल्या चकत्या लावाव्यात, म्हणजे मागे बोटभर हवा खेळेल. तयार फलक उन्हात उभ्या गाडीत ठेवू नयेत, कारण साठ-सत्तर अंशांना पीव्हीसी मऊ पडतो आणि जसा कलला असेल तसाच थंड होतो.

सगळे ३० फलक एकदम छापायला देण्याआधी एकच फलक तयार करून त्याच भिंतीवर आठवडाभर टांगून ठेवावा, आणि तो टांगतानाच खिडकी उघडी ठेवावी.