पायलटच्या थिअरीत सगळ्यात अवघड विषय कोणता?

प्रश्न असा आहे: बारावीला गणित-भौतिकशास्त्र होतं, आता कमर्शिअल लायसन्ससाठी डीजीसीएचे (नागरी विमान वाहतूक महासंचालनालयाचे) पेपर द्यायचेत, कुठला विषय सगळ्यात जास्त छळतो आणि तो कसा काढायचा?

माझं उत्तर नेव्हिगेशन. रेग्युलेशन्स हे पाठांतर आहे, नेटाने बसलात की ७० टक्के पडतात. नेव्हिगेशनचं बरंचसं गणित खरं तर दहावीच्या पलीकडे जात नाही, तरी भलेभले तिथेच गळतात. कारण तिथला प्रत्येक आकडा कशाच्या तरी सापेक्ष असतो. दिशा खऱ्या उत्तरेपासून की चुंबकीय? वेग हवेतून की जमिनीवरून? उंची कुठून मोजली? वेळ कुठली, आपली की यूटीसी (जागतिक प्रमाणवेळ)? सूत्र बरोबर आणि उत्तर चूक, असं झालं की या चारांपैकी एक ठिकाण तपासा.

वाऱ्याचा त्रिकोण घ्या. ट्रॅक (जमिनीवरचा ठरलेला मार्ग) ०९०, टीएएस (हवेतून खरा वेग) १०० नॉट (तासाला सागरी मैल), वारा ०३० वरून २० नॉट. वाऱ्याची दिशा म्हणजे तो जिकडून येतो ती. ट्रॅक आणि वारा यांत ६० अंश, म्हणून आडवा वारा १७ नॉट, समोरचा १०. आता १७ ला ६० ने गुणून १०० ने भागा, साधारण १० अंश येतात. वारा डावीकडून, म्हणून नाक डावीकडे: हेडिंग ०८०, ग्राउंडस्पीड सुमारे ८८. फ्लाइट कॉम्प्युटरला (हाताने फिरवायच्या गोल तबकडीला) हात लावण्याआधी एवढं तोंडी काढायची सवय लावा. तबकडीवर वारा उलटा मांडला तर हेडिंग १०० आणि ग्राउंडस्पीड १०८ येतो, आणि पेपर काढणारा हाही पर्याय हमखास देऊन ठेवतो.

त्यात मेटारमधला (विमानतळाच्या हवामान अहवालातला) वारा खऱ्या उत्तरेपासून दिलेला असतो, टॉवर रेडिओवर सांगतो तो चुंबकीय उत्तरेपासून. भारताच्या बऱ्याच भागात व्हेरिएशन (या दोन उत्तरांमधला फरक) अंश-दोन अंशच असल्यामुळे इथे उडताना ही गफलत लक्षातही येत नाही. पेपरात मात्र १५ अंश पश्चिम देतात. खऱ्यावरून चुंबकीय काढताना पश्चिम मिळवायचं, पूर्व वजा करायचं.

एक-साठचा नियम (६० मैलांत १ मैल बाजूला म्हणजे १ अंश) सगळ्यांना पाठ असतो, वापरताना अर्धवट वापरतात. ३० मैल गेल्यावर तुम्ही ट्रॅकच्या ३ मैल उजवीकडे आहात, म्हणजे चूक ६ अंश. ६ अंश डावीकडे वळलात तर मूळ ट्रॅकला समांतर उडत राहाल, मुक्कामी पोचणार नाही. उरलेल्या ४५ मैलांसाठी अजून ४ अंश लागतात. एकूण १०.

क्रिटिकल पॉइंट आणि पीएनआर (पॉइंट ऑफ नो रिटर्न, जिथून मागे फिरलं तर इंधन पुरतं असा शेवटचा बिंदू) यांची गल्लत तर ठरलेलीच. क्रिटिकल पॉइंटचा इंधनाशी संबंध नाही. तिथून पुढे जायला आणि मागे फिरायला सारखाच वेळ लागतो, बस. अंतर ४८० मैल, जाताना ८० नॉट, येताना १२० नॉट असेल तर ४८० गुणिले १२० भागिले २००, म्हणजे २८८ मैल. अर्ध्या वाटेपेक्षा पुढे, कारण तो बिंदू नेहमी वाऱ्याच्या तोंडाकडे सरकतो. पीएनआर इंधनावर ठरतो आणि वारा समोरून असो वा मागून, तो जवळच येतो: ५ तासांचं इंधन असेल तर वाऱ्याविना (१०० नॉटने) २५० मैल, वरच्या वाऱ्यात २४०.

उंचीचं प्रकरण मीटिऑरॉलॉजीत येतं, पण चूक तीच. पुण्याची धावपट्टी साधारण १,९४० फुटांवर. मे महिन्याची दुपार, ३८ अंश, क्यूएनएच (समुद्रसपाटीला धरलेला हवेचा दाब) १००५. प्रमाण दाब १०१३, त्यापेक्षा ८ हेक्टोपास्कल कमी, दर हेक्टोपास्कलला ३० फूट धरले की प्रेशर अल्टिट्यूड (प्रमाण दाबावरून मोजलेली उंची) २,१८० फूट. त्या उंचीवर प्रमाण वातावरणात ११ अंश असायला हवेत, आहेत २७ जास्त. अंशाला १२० फूट धरा: ३,२४० फूट. डेन्सिटी अल्टिट्यूड (विरळ हवेमुळे विमानाला जाणवणारी उंची) झाली ५,४०० च्या घरात, म्हणजे कळसूबाईचा माथा! स्पीड इंडिकेटरवर विमान उचलायचा आकडा तोच राहतो, पण तेव्हा जमिनीवरचा वेग जास्त असतो. इंजिनाची ताकदही घटलेली. म्हणून रनवे जास्त खातो.

टेक्निकलमध्ये पिटो-स्टॅटिकचे प्रश्न घोकू नका, वजाबाकी लक्षात ठेवा. स्पीड इंडिकेटर पिटोच्या (समोरून येणारी हवा घेणाऱ्या नळीच्या) दाबातून स्टॅटिक (आजूबाजूच्या स्थिर हवेचा) दाब वजा करतो. स्टॅटिक छिद्र बंद पडून तुम्ही खाली उतरलात, तर आत वरचा कमी दाब अडकलेला असतो. कमी वजा होतं, वेग आहे त्यापेक्षा जास्त दिसतो आणि स्टॉल (पंखांची उचल तुटणं) जवळ आला तरी काटा सगळं ठीक सांगतो. चढताना उलट. अल्टिमीटर गोठतो, व्हीएसआय (चढण्या-उतरण्याचा वेग दाखवणारा काटा) शून्यावर. १९९६ मध्ये एरोपेरूचं बोइंग ७५७ लिमाजवळ समुद्रात कोसळलं, ७० जण गेले. विमान धुताना स्टॅटिक छिद्रांवर लावलेली चिकटपट्टी काढायची राहिली होती.

तयारीत प्रश्नसंच सोडवाच, पण पर्याय झाकून. आकडा आधी कागदावर, मग पर्याय उघडायचे. निगेटिव्ह मार्किंग नाही, त्यामुळे कन्व्हर्जन्सीच्या (रेखावृत्तांमधल्या कोनाच्या) गणितात दहा मिनिटं घालवण्यापेक्षा एक पर्याय टिकवून पुढे जा आणि वेळ उरला तर परत या.