"बाहेर जेवून आलेय" म्हणणारी मुलगी

शिक्षणासाठी परदेशात एका कुटुंबाकडे राहणारी एक मुलगी माझ्याशी व्हिडिओ कॉलवर बोलत होती. (ओळख पटू नये म्हणून तपशील बदलले आहेत.) "मॅडम, माणसं खूप चांगली आहेत, पण रात्रीच्या जेवणाची वेळ झाली की पोटात गोळा येतो. मग मी बाहेर जेवून आलेय असं सांगते आणि खोलीत बिस्किटं खाते. मी कृतघ्न आहे का?"

चव जुळत नसेल, हा पहिला अंदाज कुणीही करेल. घरून फोनवर रोज "काय जेवलीस?" हेच विचारलं जायचं, त्यामुळे तिनेही सगळा दोष जेवणालाच दिला होता. मानववंशशास्त्रज्ञ कालेर्व्हो ओबर्ग यांनी 1960 मध्ये 'कल्चर शॉक'ची, म्हणजे परक्या संस्कृतीत गेल्यावर बसणाऱ्या मानसिक धक्क्याची, लक्षणं लिहिली, त्यात पिण्याचं पाणी, अन्न, भांडी, अंथरूण यांची अवाजवी काळजीही आहे. म्हणजे मनातली धास्ती ताटावर निघते, हे जुनंच निरीक्षण.

मी तिला म्हटलं, "पदार्थ राहू दे. बसल्यापासून उठेपर्यंत काय घडतं ते सांग." तेव्हा खरं दुखणं बाहेर आलं. चौघं एकदम बोलतात, तिला धागा सापडेपर्यंत विषय बदललेला असतो. मग कुणीतरी प्रेमाने तिला काही विचारतं आणि सगळे गप्प होऊन तिच्याकडे पाहतात. दिवसभर परक्या भाषेत वर्ग ऐकून थकलेल्या डोक्याला, भांड्यांच्या आवाजात अनेकांचं बोलणं उकलणं फार जड जातं. एकट्या माणसाशी ती छान बोलू शकत होती.

जेवण टाळलं की त्या रात्री सुटल्यासारखं वाटतं. त्या सुटकेमुळेच दुसऱ्या दिवशी टाळणं आणखी सोपं होतं. इकडे तिच्यासाठी रांधलेलं उरतं आणि त्या कुटुंबाला वाटतं, हिला आपण आवडत नाही. एखादा पदार्थ नको म्हटल्याने माणसं इतकी दुखावत नाहीत.

आम्ही ठरवलं की बोलायचं, पण ताटासमोर नाही. दुपारच्या निवांत वेळी त्या घरातल्या काकूंना एकटं गाठून सांगायचं: रात्री मी थकलेली असते, थोडं स्वतः वाढून घेईन, लवकर उठले तर राग मानू नका. स्वयंपाकाच्या वेळी मदतीला जायचं, म्हणजे गप्पा एकाच माणसाशी होतात. ज्या दिवशी खरंच बाहेर जेवायचं असेल, ते सकाळीच सांगायचं.

तिथे राहण्याचा करारही वाचायला लावला. बऱ्याच ठिकाणी नाश्ता आणि रात्रीचं जेवण भाड्यातच धरलेलं असतं, तिचंही तसंच होतं. म्हणजे ते जेवण उपकार नव्हते; निम्मं ओझं तिथेच उतरलं.

ॲलर्जी किंवा धर्मामुळे वर्ज्य असलेल्या गोष्टींत मात्र भीड अजिबात नको. ते जाण्याआधी अर्जात लिहावं आणि पोचल्यावर पुन्हा तोंडी सांगावं. पोटभर मिळत नसेल किंवा खाण्यावरून टोमणे बसत असतील, तर राहण्याची सोय करून देणाऱ्या संस्थेच्या समन्वयकाला कळवावं. घर बदलून मागण्यात लाज नाही. वजन उतरत असेल, लपून खाणं किंवा उलट्या काढणं सुरू असेल, तर डॉक्टर गाठा.

पुढच्या कॉलला ती म्हणाली, काकूंना वाटत होतं, आपला स्वयंपाकच हिला आवडत नाही. आता ती बहुतेक रात्री टेबलावर असते. काकांचे विनोद अजून कळत नाहीत, आणि शनिवारी पाहुणे आले की ती खोलीतच जेवते. ते तिने आधी सांगून ठेवलंय.