वाचकांचे प्रश्न : शब्दांविना सांगितलेले रहस्य

गेल्या अंकात ‘व्हर्जिनिया’ या व्हिडिओ गेमवर मी एक छोटे टिपण लिहिले होते. ‘व्हेरिएबल स्टेट’ या ब्रिटिश स्टुडिओने तयार केलेला आणि 2016 साली प्रसिद्ध झालेला हा गेम साधारण दोन तासांत पूर्ण होतो. 1992 साली अमेरिकेच्या व्हर्जिनिया राज्यातील किंगडम या काल्पनिक गावातून लुकास फेअरफॅक्स नावाचा मुलगा बेपत्ता होतो आणि नुकतीच एफबीआयमध्ये रुजू झालेली अ‍ॅन टार्व्हर ही तरुणी आपली सहकारी मारिया हॅल्परिन हिच्यासोबत त्याच्या शोधासाठी तेथे जाते. संपूर्ण गेममध्ये एकही पात्र एकही वाक्य बोलत नाही. त्या टिपणानंतर आलेल्या पत्रांमध्ये इतकी परस्परविरोधी मते होती, की या वेळचे सदर त्याच पत्रांना द्यावे असे वाटले. ज्यांनी गेम अजून खेळलेला नाही त्यांनी पहिले उत्तर जपून वाचावे, कारण त्यात कथेच्या उत्तरार्धाचा थोडा उल्लेख आला आहे.

प्रश्न : मी आणि माझी बहीण दोघांनी हा गेम एकाच दिवशी खेळला. तिला तो विलक्षण वाटला आणि मला मात्र फसवणूक झाल्यासारखे वाटले, कारण मुलाचे नेमके काय झाले हे शेवटपर्यंत सरळ सांगितलेच जात नाही. इतर खेळाडूंची मते वाचली तर तेथेही हेच दोन तट दिसले. एकाच गेमविषयी इतकी टोकाची मते का पडावीत?

उत्तर : तुमची तक्रार मी हलकी मानत नाही. रहस्यकथा आरंभी एक प्रश्न विचारते आणि शेवटी त्याचे उत्तर देण्याचे वचन देते. वाचक त्या वचनावर विसंबून धीर धरतो, खुणा लक्षात ठेवतो, संशयितांची यादी मनात करतो. ते वचन पाळले गेले नाही तर राग येणे अगदी स्वाभाविक आहे.

माझ्या मते मतभेदाचे मूळ आणखी थोडे मागे, कथेच्या आरंभीच आहे. अ‍ॅनवर दोन कामे सोपवली जातात. हरवलेल्या मुलाचा शोध हे पहिले, उघड काम. दुसरे काम गुप्त आहे : ज्या मारियाच्या शेजारी बसून ती गाडीतून फिरते, एकत्र जेवते, जिच्याशी हळूहळू तिची मैत्री जमते, त्याच मारियावर नजर ठेवून तिच्याविषयी वरिष्ठांना अहवाल द्यायचा आहे. मुलाचा शोध हा मुख्य धागा मानणाऱ्या खेळाडूला शेवट अर्धवट वाटतो. अ‍ॅन आपल्या सहकारी मैत्रिणीशी इमान राखणार की नोकरीत वर चढणार, हा मुख्य प्रश्न मानणाऱ्याला मात्र त्याचे उत्तर मिळते, कारण उत्तरार्धात अ‍ॅनच्या संभाव्य भविष्याची जी दृश्यमालिका येते ती याच प्रश्नाविषयी आहे. तुमच्या बहिणीने बहुधा दुसरा धागा धरला असावा. तुम्ही पहिला धरलात, आणि गेमने सुरुवातीला तोच तुमच्या हातात दिला होता, हेही तितकेच खरे आहे.

दुसरे कारण तंत्राचे आहे. बहुतेक गेममध्ये खेळाडू दारातून निघाला की त्याला जिन्यापर्यंतचे प्रत्येक पाऊल स्वतः चालावे लागते. येथे तुम्ही लांब मार्गिकेतून चालत असता आणि मध्येच, चित्रपटातल्याप्रमाणे, दृश्य तुटून तुम्ही थेट तळघरातल्या कचेरीच्या दारात उभे असता. दोन दृश्यांच्या मधली जागा भरण्याचे काम खेळाडूचे. सोव्हिएत दिग्दर्शक लेव्ह कुलेशॉव्ह यांनी शंभर वर्षांपूर्वी केलेला प्रयोग येथे आठवतो : नटाचा तोच निर्विकार चेहरा सूपच्या वाडग्याशेजारी जोडला तेव्हा प्रेक्षकांना त्यात भूक दिसली आणि शवपेटीशेजारी जोडला तेव्हा दुःख दिसले. चेहरा बदललेला नव्हता. बोलण्याचा आधार काढून घेतला की जोडलेल्या दृश्यांतून अर्थ काढण्याची ही सवय कितीतरी पटींनी वाढते, आणि प्रत्येकाचा अर्थ त्याच्या स्वतःच्या अनुभवातून येतो. संशयाने पाहणाऱ्याला मारियाच्या मौनात काहीतरी दडवलेले दिसेल. ज्याने नोकरीच्या जागी एकटेपणा सोसला आहे त्याला त्याच मौनात थकवा दिसेल.

तरीही सगळा भार खेळाडूवर टाकून निर्मात्यांना मोकळे सोडावे असे मला वाटत नाही. शेवटच्या भागात गवा, लाल पक्षी, तुटलेली किल्ली अशी चिन्हे आणि स्वप्नवत दृश्ये इतक्या वेगाने एकमेकांवर येऊन पडतात, की एक प्रतिमा मनात रुजण्याआधीच दुसरी तिला ढकलून देते. आधीच्या भागात शांत दृश्ये जो विश्वास निर्माण करतात तो येथे काहीसा उधळला जातो. संदिग्धता आणि गर्दी या वेगळ्या गोष्टी आहेत. पहिलीचे मी स्वागत करतो आणि दुसरीला दोष मानतो.

प्रश्न : या गेममध्ये चालणे आणि क्लिक करणे यापलीकडे मला काहीच करता आले नाही. चुकीचा निर्णय घेण्याचीही मुभा नाही. मग याला गेम म्हणायचे कशासाठी? हा लघुचित्रपटच का केला नाही?

उत्तर : अशा कृतींना ‘वॉकिंग सिम्युलेटर’ म्हणण्याची प्रथा पडली आहे. सुरुवातीला ते नाव हिणवण्यासाठी वापरले गेले, पुढे अनेक निर्मात्यांनी ते स्वीकारलेही. नावावर वाद घालण्यापेक्षा क्लिक नेमके काय साधते हे पाहणे मला अधिक उपयुक्त वाटते. चित्रपटात एखादी बाई सहकाऱ्याची फाइल उघडते तेव्हा आपण तिच्याकडे पाहत असतो आणि तिला दोष देऊ शकतो. येथे कॅमेरा अ‍ॅनच्या डोळ्यांच्या जागी आहे आणि तुम्ही हात पुढे केल्याशिवाय कथा पुढे सरकत नाही. निवड तुमची नसते, पण कृती तुमच्या बोटाने होते, आणि ती करताना जो किंचित संकोच वाटतो तो दुसऱ्या कोणत्याही माध्यमात वाटत नाही. मला तो वाटला, म्हणून मी याला गेम म्हणतो. तुम्हाला तो वाटला नसेल, तर तुमच्यासाठी हा गेम अपुरा ठरला, हे मत मी प्रामाणिक मानीन.

दृश्ये तोडण्याचे हे तंत्र ‘व्हर्जिनिया’ने शोधलेले नाही. ब्रेंडन चंग यांच्या 2012 च्या ‘थर्टी फ्लाइट्स ऑफ लव्हिंग’ या जेमतेम पंधरा मिनिटांच्या गेमने ते आधी वापरले होते, आणि ‘व्हर्जिनिया’च्या निर्मात्यांनी हे ऋण उघडपणे मान्य केले आहे. तो गेम पाहिला तर काय वगळले म्हणजे काय उरते हे अधिक स्पष्ट होते.

हाताला आणि डोक्याला काम हवे असेल, तरीही शब्द नको असतील, तर जेसन रॉबर्ट्स यांचा 2017 चा ‘गोरोगोआ’ अवश्य खेळून पाहा. त्यात चार चौकटींतील हाताने काढलेली चित्रे सरकवायची, एकमेकांवर ठेवायची, आत शिरून मोठी करायची असतात. एका चित्रातली खिडकी दुसऱ्या चित्रातल्या दाराशी अचूक जुळली की कथेतला मुलगा एका काळातून दुसऱ्या काळात जातो. तेथे रहस्य खरोखर खेळाडूच उलगडतो. काही काळ अडकून पडण्याची तयारी मात्र ठेवावी लागते, कारण मदतीला एकही लिखित सूचना येत नाही.

प्रश्न : दोन तासांच्या गेमसाठी पैसे मोजणे योग्य आहे का? माझ्या एका मित्राने पूर्ण गेम खेळून पैसे परत घेतले आणि त्यात त्याला काहीच गैर वाटत नाही.

उत्तर : ‘स्टीम’ या गेम विकणाऱ्या ऑनलाइन दुकानाच्या नियमानुसार, खरेदीपासून 14 दिवसांच्या आत आणि दोन तासांपेक्षा कमी वेळ खेळलेल्या गेमचे पैसे परत मागता येतात. 2015 साली आलेला हा नियम ग्राहकाच्या हिताचा आहे. बिघडलेला, न चालणारा किंवा जाहिरातीपेक्षा वेगळा निघालेला गेम गळ्यात पडू नये यासाठी तो हवाच. अडचण अशी, की छोटी कथा संपूर्णपणे या मर्यादेच्या आत बसते. 2021 साली एका छोट्या भयकथेच्या निर्मात्याने जाहीरपणे सांगितले, की लोक गेम पूर्ण खेळतात, अनुकूल अभिप्रायही लिहितात आणि मग पैसे परत घेतात, त्यामुळे आपण अनिश्चित काळासाठी गेम बनवणे थांबवत आहोत. मला ही हकिकत फार लागली. तुमच्या मित्राने नियम मोडलेला नाही, पण शेवटचे दृश्य पाहून झाल्यावर पैसे परत मागणे मला योग्य वाटत नाही, आणि त्याला गेम आवडला असेल तर मुळीच नाही.

किमतीला तासांनी भागून गेमचे मोल ठरवण्याची सवय मोठ्या गेमनी लावली आहे. दोन तासांची कथा वीस तासांची केली असती तर अ‍ॅन आणि मारिया यांच्यामधला ताण पहिल्या चार तासांतच विरून गेला असता.

प्रश्न : विकत घेण्यापूर्वी इतरांची मते कशी वाचावीत? ‘संमिश्र’ असा शेरा दिसला की मी तो गेम सोडून देते.

उत्तर : ‘स्टीम’वर खेळाडूला शिफारस करतो किंवा करत नाही एवढेच दोन पर्याय असतात. शिफारस करणाऱ्यांचे प्रमाण 40 ते 69 टक्के असले की गेमवर ‘संमिश्र’ हा शेरा लागतो. त्यातून दोन अगदी वेगळ्या परिस्थिती सारख्याच दिसतात : सगळ्यांना बेताचा वाटलेला गेम, आणि निम्म्यांना अतिशय आवडलेला व निम्म्यांना अजिबात न आवडलेला गेम. शब्दविरहित रहस्यकथा बहुतेक वेळा दुसऱ्या प्रकारात मोडतात. म्हणून शेऱ्यावर न थांबता प्रतिकूल अभिप्राय उघडून वाचावेत, आणि त्यातही कारण दिलेले. ‘काहीच कळले नाही’ यापेक्षा ‘अमुक दृश्यानंतर ती खोली कोणाची हे कळले नाही’ असे लिहिणारा खेळाडू तुम्हाला खरी माहिती देतो. प्रत्येक अभिप्रायाजवळ खेळाचे तास दिलेले असतात, तेही पाहावेत. दोन तासांच्या गेमवर वीस मिनिटांत दिलेले मत आरंभाविषयीचे असते, कथेविषयीचे नसते.

प्रश्न : मला ऐकू येत नाही. शब्द नसलेला गेम माझ्यासाठी सोयीचा असेल असे समजून मी ‘व्हर्जिनिया’ घेतला, पण बराच भाग हातातून निसटल्यासारखे वाटले. माझी समजूत चुकली का?

उत्तर : समजूत चुकली नाही, मी टिपणात पुरेसे सांगितले नाही, आणि त्याबद्दल मी मनापासून दिलगीर आहे. या गेममध्ये संवादाची जागा संगीताने घेतली आहे. लिंडन हॉलंड यांचे संगीत प्रागच्या वाद्यवृंदाने वाजवले असून त्याला 2017 साली बाफ्टा हा प्रतिष्ठेचा ब्रिटिश पुरस्कारही मिळाला. एखाद्या दृश्यात दोघी नुसत्या समोरासमोर बसलेल्या असतात आणि त्या क्षणी भीती आहे की जवळीक, हे सुरावटीतूनच कळते. चेहऱ्यांची रेखाटने मुद्दाम साधी ठेवल्यामुळे तेथून मिळणारा आधारही तोकडा आहे. शब्द काढून टाकले की सर्वांसाठी दार उघडते असे आपण सहज बोलून जातो, पण अर्थ एका इंद्रियाकडून काढून दुसऱ्याकडे सोपवला जातो एवढेच अनेकदा घडते. ज्यांना दिसत नाही अशा खेळाडूंसाठी तर संवाद असलेली कथाच अधिक जवळची असते. शिवाय ‘व्हर्जिनिया’ तंतोतंत शब्दविरहितही नाही. फायली, कागदपत्रे आणि पाट्या यांवर इंग्रजी मजकूर आहे आणि तो वाचता आला नाही तर मारियाविषयीचे काही धागे सुटतात. आपल्याला मी ‘गोरोगोआ’ सुचवीन, कारण त्यातील कोड्यांची उकल पूर्णपणे चित्रांत आहे.

प्रश्न : खेळून झाल्यावर लगेच अर्थ सांगणारे लेख वाचावेत का?

उत्तर : लगेच नको. गेम एकाच बैठकीत संपवा, आणि दुसऱ्याचे मत वाचण्याआधी आपल्याला काय घडले असे वाटले ते चार ओळींत लिहून ठेवा. नंतर पुन्हा एकदा सुरुवातीपासून खेळा. अ‍ॅनला समारंभात ओळखपत्र मिळते ते आरंभीचे दृश्य पहिल्या खेपेस केवळ अभिमानाचे वाटते. तिला त्या ओळखपत्राची कोणती किंमत मोजायला सांगितले जाणार आहे हे माहीत असताना, व्यासपीठाकडे तिला चालवत नेणे मला दुसऱ्या खेपेस फार जड गेले. तुम्हाला तसेच वाटले की वेगळे, ते मला अवश्य कळवा.