बंबात गेलेला पुठ्ठा

प्रश्न: तालुक्याच्या गावी एसटी स्टँडसमोर माझं किराणा दुकान आहे. मुलाला बारावी सायन्सला 64 टक्के पडले, सीईटीला 71 पर्सेंटाइल. कॉम्प्युटर इंजिनीअरिंगच करायचं असं आम्ही ठरवलंय, मॅनेजमेंट कोट्यासाठी दहा गुंठे विकायचीही तयारी आहे. पण हा दुकानातल्या चॉकलेट कंपनीच्या स्टँडमागे लागलाय. त्यात दुसरा माल राहत नाही, म्हणून पुठ्ठे कापून आत बसवत होता. परवा सेल्समनने बघितलं, मोबाइलवर फोटो काढला आणि स्टँड उचलून नेतो म्हणाला. गिऱ्हाइकांसमोर अपमान झाला. मी तो पुठ्ठा बंबात घातला. आता हा विचारतोय की असले स्टँड बनवायचं शिक्षण कुठे मिळतं. दुकान सजवायला शिक्षण लागतं का? त्याच्या वहीच्या पानाचा फोटो सोबत पाठवतोय, म्हणजे वेळ कसा वाया घालवतो ते तुम्हालाच दिसेल. त्याला चार शब्द समजावून सांगा.
— एक पालक

उत्तर:

नमस्कार.

पत्र वाचलं, मग फोटो उघडला, मग पत्र पुन्हा वाचलं. पुरावा म्हणून तुम्ही जे पान पाठवलंत, ते तुमच्या बाजूने साक्ष देत नाही हो.

पान गणिताच्या वहीतलं आहे. वरच्या अर्ध्यात इन्टिग्रेशनचं एक गणित अर्धवट सोडवून सोडून दिलंय. खाली स्टँडची बाजूने काढलेली आकृती आहे. दोन तारांमधलं अंतर 10 सेंमी, कंपनीचं चॉकलेट 13 सेंमी लांब, त्यामुळे आडवं ठेवलं की दोन्ही तारांवर टेकतं. त्याखाली लिहिलंय, ‘आईची चिक्की 8 × 8. मधून पडते. 12 पैकी 12.’ मग पुठ्ठ्याचा तळ टाकून बघितलाय. चिक्की पडायची थांबली, पण नवीनच अडचण झाली: पुढचं पुडकं उचललं तरी मागचं सरकून पुढे येईना. मग एक बाण काढून लिहिलंय, ‘लग्नपत्रिकेची चकचकीत बाजू वर.’ मग उतार. 10 अंशांना हलत नाही, 15 ला बरी सरकते, 20 ची ओळ खोडलेली, 25 ला ‘सगळी काउंटरवर’. तीन वेगवेगळ्या तारखा आहेत.

घर्षण आणि उतार हा अकरावीच्या फिजिक्सचा भाग आहे. क्लासची फी भरून तुम्ही त्याला जे शिकवायला पाठवत होतात तेच तो रात्री फुकटात करत बसला होता. मार्कांत ते दिसलं नाही, हे खरं. 64 टक्के म्हणजे 64 टक्के, त्याला मी मुलामा देणार नाही. पण मुलगा अभ्यास सोडून स्टँडमागे लागला, असं मात्र त्या पानावरून दिसत नाही.

आता ‘आईची चिक्की’. तुमच्या पत्रात आई कुठेच नाही. ‘दुसरा माल’ एवढंच तुम्ही लिहिलंत. हा दुसरा माल घरातच बनतो, बहुतेक दुकानात काउंटरखाली किंवा मागच्या फळीवर पडून राहतो आणि गिऱ्हाइकाने मागितला तरच बाहेर येतो, असा माझा अंदाज आहे. चुकत असेन तर कळवा. मुलाने तो काउंटरवर सगळ्यांत मोक्याच्या जागी, सुटे पैसे देताना हात जिथे जातो तिथे आणायचा प्रयत्न केला. तुम्हाला त्यात पुठ्ठा दिसला.

आणि तो तुम्ही बंबात घातलात. माझ्याकडे पालक मार्कांचं घेऊन येतात, मुलं मोबाइलचं घेऊन येतात. बंब पहिल्यांदाच आला. अपमान सेल्समनने केला, तोही तुमचा, आणि शिक्षा झाली पोराला. सेल्समनला तुम्ही काय म्हणालात ते पत्रात नाही. तुम्ही काही म्हणाला नसणारच, कारण दर महिन्याला मिळणारे डिस्प्लेचे पैसे आणि स्कीमचा माल त्याच्या हातात आहे. पोराच्या हातात तुमचं काही अडकलेलं नाही, म्हणून राग तिकडे वळला. हे वाचायला कडू लागेल. पण ‘त्याला समजावून सांगा’ असं तुम्ही मला लिहिलंत आणि समजावण्यासारखं मला या बाजूलाच दिसतंय.

सेल्समन चूक नव्हता, हेही सांगते. स्टँड कंपनीच्या मालकीचा, तो ठेवण्याचे पैसे तुम्ही घेता, म्हणजे त्या दीड फुटाचं भाडं तुम्ही घेतलेलं आहे. भाडेकरूच्या खोलीत आपली गादी टाकायची नसते. मुलाला हे कोणीतरी नीट सांगायला हवं होतं, तेही पुठ्ठा शाबूत असताना.

तुमच्या ‘दुकान सजवायला शिक्षण लागतं का’ या प्रश्नापाशी मात्र मला जरा थांबायचंय, कारण हा समज तुमचा एकट्याचा नाही. स्टँड म्हणजे सजावट, असं समजून मी स्वतःही कित्येक वर्षं अशा मुलांना इंटीरियरकडे पाठवत होते. ज्या तारा मुलाने मोजल्या त्यांच्यात 10 सेंमी अंतर चुकून राहिलेलं नाही. कंपनीचं चॉकलेट टेकेल आणि त्या अंतराहून आखूड काहीही खाली जाईल, असं ते कोणीतरी कागदावर बसून ठरवलंय. शीतपेयांच्या कॅनची उतरती फळीही तशीच असते. 330 मिलीच्या नेहमीच्या कॅनचा व्यास 66 मिमी, 250 मिलीच्या सडपातळ कॅनचा 53. एकासाठी केलेल्या गल्लीत दुसरा एक तर शिरत नाही, नाही तर तिरका होऊन अडकतो. याचं सगळ्यांत गाजलेलं उदाहरण अमेरिकेतलं आहे. नॉर्थ कॅरोलायनातल्या विन्स्टन-सेलम गावच्या हेन्स कंपनीला 1969-70 च्या सुमारास बायकांचे पातळ नायलॉनचे मोजे सुपरमार्केटमध्ये विकायचे होते. तिथे आधीच चपट्या पाकिटांतले स्वस्त मोजे ढिगाने पडलेले असत. रॉजर फेरिटर नावाच्या डिझायनरने मोजे प्लास्टिकच्या अंड्यात घातले आणि ब्रँडचं नाव ठेवलं ‘लेग्ज’, ज्यात इंग्रजीतले पायही आले आणि अंडीही. अंडी उभी राहावीत म्हणून फिरता स्टँड केला. आता त्या स्टँडवर दुसऱ्या कंपनीचं चपटं पाकीट ठेवणार कुठे? दुकानदाराने काय ठेवावं यावर पहारा द्यायची गरज उरली नाही, तो पहारा अंड्याचा आकारच देत होता. शिवाय माल विकला जाईपर्यंत दुकानदाराने पैसे द्यायचे नव्हते आणि स्टँड भरायला कंपनीची माणसं स्वतः गाडी घेऊन येत. 1991 मध्ये प्लास्टिकची अंडी बंद होऊन पुठ्ठ्याचं खोकं आलं, म्हणजे साधारण वीस वर्षं ती युक्ती चालली. यात रंगरंगोटीचा भाग किती आणि मोजमाप, साचा, दुकानदाराची अडचण, गिऱ्हाइकाची सवय यांचा भाग किती, ते तुम्हीच बघा. तुमच्या मुलाने उलट्या बाजूने तेच कोडं सोडवायला घेतलं होतं.

हेच काम आकाराऐवजी कराराने केलं की प्रकरण कोर्टात जातं. आयर्लंडमध्ये युनिलिव्हरच्या मालकीची एचबी ही आइस्क्रीम कंपनी दुकानदारांना फ्रीझर फुकट द्यायची, अट एवढीच की आत फक्त एचबीचं आइस्क्रीम. 1989 मध्ये मार्सचं आइस्क्रीम तिथे आलं, तर छोट्या दुकानांत दुसरा फ्रीझर ठेवायला जागाच नव्हती. 1998 मध्ये युरोपियन कमिशनने एचबीच्या विरोधात निर्णय दिला आणि 2003 मध्ये युरोपियन न्यायालयाने तो कायम ठेवला. तुमच्या दुकानात शीतपेयाच्या कंपनीचा काचेच्या दाराचा फ्रिज असेलच. त्यात दुधाच्या पिशव्या ठेवल्या की सेल्समन ‘प्युअरिटी, प्युअरिटी’ (म्हणजे फ्रिजमध्ये फक्त कंपनीचाच माल) करत येतो, ते याच जातीचं. मुलाला या धंद्यात जायचं असेल तर दुसऱ्याचा माल बाहेर ठेवणं हाही त्यातला पगारी भाग आहे, हे त्याला आत्ताच कळलेलं बरं. उद्या तोच असा स्टँड काढेल की ज्यात आईची चिक्की राहणार नाही.

रस्ते थोडक्यात सांगते, कारण ते कुठेही मिळतात. प्रॉडक्ट डिझाइनच्या बी.डेस.साठी, म्हणजे डिझाइनच्या पदवीसाठी, दोन प्रवेशपरीक्षा आहेत: अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट आणि आयआयटी मुंबई घेते ती यूसीड. बारावीची कोणतीही शाखा दोन्हींना चालते, दोन्हींना वयाची अट आहे, यूसीड दोनदाच देता येते आणि अर्ज परीक्षेच्या काही महिने आधीच भरावे लागतात, म्हणजे आता तयारी पुढच्या वर्षाचीच. जागा थोड्या आहेत. ‘डिझाइन’ अशी पाटी लावून वर्षाला लाखांत फी घेणारी खाजगी कॉलेजं भरपूर आहेत. तिथे प्रवेश घेण्यापूर्वी वर्कशॉप दाखवा म्हणावं. लेथ, शीट मेटल वाकवायचं मशीन, लाकडाचा भुसा असं काही जमिनीवर दिसलं नाही आणि नुसते कॉम्प्युटर दिसले, तर परत फिरा.

तुमच्या मुलासाठी माझ्या मनात आधी येतो तो दुसराच रस्ता. बारावी सायन्सवर पॉलिटेक्निकला थेट दुसऱ्या वर्षात प्रवेश मिळतो. मेकॅनिकल घेऊ दे, पुढे झेपलं तर डिग्री आहेच. छत्रपती संभाजीनगरच्या इंडो-जर्मन टूल रूममध्ये टूल अँड डाय मेकिंगचा, म्हणजे साचे आणि हत्यारं घडवण्याचा, डिप्लोमा आहे, तो दहावीच्या पात्रतेवर मिळतो, म्हणून बारावी झालेल्या पोराला तिथे पाठवणं घरच्यांना कमीपणाचं वाटतं. वाटू दे. वसईच्या औद्योगिक गाळ्यांमधून फिरून बघा, तार वाकवणारे, अ‍ॅक्रिलिक कापणारे, दुकानांचे स्टँड घडवणारे लोक तिथे आहेत. या धंद्यात या मालाला ‘पीओपी’ म्हणतात, पॉइंट ऑफ पर्चेस. पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला छताचं प्लास्टर वाटलं होतं. ज्याला साचा कळतो आणि दुकानाचा काउंटरही कळतो, असा माणूस अशा ठिकाणी उपाशी राहत नाही. काउंटर तर तो लहानपणापासून बघतोय.

कॉम्प्युटर इंजिनीअरिंगबद्दल एकच सांगते. दहा गुंठे विकू नका. 71 पर्सेंटाइलला तुमच्या मनातलं कॉलेज कॅप राउंडमधून, म्हणजे गुणवत्तेच्या सरकारी प्रवेशफेरीतून, मिळणार नाही. मॅनेजमेंट कोट्यातून जे मिळेल त्यासाठी जमीन जाईल, आणि चार वर्षं एक मुलगा अशा वर्गात बसेल जिथे त्याने जायचं असं ‘आम्ही ठरवलं’ होतं. हे ‘आम्ही’ कोण, तेही मला कळलेलं नाही. मुलगा काय म्हणाला याची तुमच्या एवढ्या मोठ्या पत्रात एकच ओळ आहे आणि तो प्रश्न आहे. ते शिक्षण कुठे मिळतं, असं त्याने तुम्हाला विचारलं. अठरा वर्षांच्या मुलाने बापाला असं काही विचारणं ही माझ्याकडच्या पत्रांत दुर्मिळ गोष्ट आहे. बहुतेक पत्रांत मुलगा काहीच बोलत नाही, हीच तक्रार असते.

तो डिझायनर होईल, असं मी म्हणत नाही. वहीच्या एका पानावरून तसं सांगणारा कोणी भेटला तर त्याला फी देऊ नका. कदाचित त्याला हे दोन महिन्यांत नकोसं होईल. कदाचित त्याचा जीव स्टँडपेक्षा विक्रीत जास्त रमेल आणि तो तुमचंच दुकान चालवेल, वाईट काय आहे त्यात? हे कळायला काही तरी घडवून बघावं लागेल. म्हणून कॉलेजचं नाव मागितलंत तरी मी तुमच्याकडेच काउंटरची जागा मागतेय. कंपनीच्या स्टँडला हात लावायचा नाही. गल्ल्याच्या डाव्या हाताला, बरण्या आहेत तिथून दोन बरण्या खाली घ्या आणि दीड फूट जागा त्याला तीन महिने द्या. गावातल्या वेल्डिंगवाल्याकडे त्याला तुम्हीच घेऊन जा, कारण एकटा गेला तर तो त्याला उभं करणार नाही. तारेचे हजारभर रुपये होतील, ते तुमच्या खिशातून जाऊ देत. स्टँड आईच्या चिक्कीच्या मापाचा. रोज किती पुडकी गेली ते त्याने लिहायचं आणि आधी महिन्याला किती जात होती ते आईला विचारून त्याच पानावर वर लिहायचं. किंमत, पुडक्याचा आकार, पिशवीवर काय छापायचं हे ती दोघं ठरवतील, तुम्ही मध्ये पडू नका. तीन महिन्यांत पॉलिटेक्निकच्या प्रवेशाच्या तारखा आल्या तर फॉर्म भरून ठेवा, त्याने काही बिघडत नाही.

बंबाचं त्याच्याशी तुम्ही काय बोलायचं ते मी सांगणार नाही. पण बोला, आणि तेही गिऱ्हाईक नसताना.

यापुढचं पत्र मला त्याने लिहावं. सुरुवातीला नमस्कार, साष्टांग काही नको. 20 अंशांची ओळ त्याने का खोडली, एवढंच मला हवंय. 15 ला बरी सरकते आणि 25 ला सगळी काउंटरवर येते, तर मधे काय झालं? पुठ्ठा वाकला, की मोजायलाच चुकला?