सर्व्हरच्या आयडीचे पूल बनवायच्या आधी एवढं बघ भो
भो, सिस्कोच्या यूसीएस सर्व्हर सिस्टीममध्ये सर्व्हिस प्रोफाइल (सर्व्हरची ओळख अन् सेटिंग एका जागी) बनवायची घाई करू नको, आधी कागदावर पूल, म्हणजे ओळख-नंबरांचे साठे, मांड. मॅकचा (नेटवर्क कार्डाचा पत्ता) ब्लॉक ००:२५:बी५ ने सुरू होतो, पुढचे ३ बाइट आपल्या हातात, त्यातच साइट अन् फॅब्रिक ए का बी (नेटवर्कच्या दोन बाजूंपैकी कोणती) ते टाकून दे, म्हणजे रात्री २ वाजता स्विचवर नुसता मॅक बघून कळतं सर्व्हर जळगावचा का धुळ्याचा. मी सुरुवातीला दोन डोमेनला (यूसीएसच्या दोन वेगळ्या संचांना) एकच रेंज दिली होती, दोन्हीकडचे तोच मॅक असलेले सर्व्हर एकाच व्हीलॅनवर (आभासी नेटवर्कवर) आले अन् स्विचवर तो मॅक सारखा पोर्ट बदलत राहिला, अख्खी रात्र गेली रे. सॅनवर (स्टोरेजच्या नेटवर्कवर) डब्ल्यूडब्ल्यूएनएन ही सर्व्हरची ओळख अन् डब्ल्यूडब्ल्यूपीएन ही त्याच्या एकेका पोर्टची, दोघांचे पूल वेगळेच ठेव. यूयूआयडी (सर्व्हरचा स्वतःचा वेगळा नंबर) पण पूलमधूनच दे, ब्लेड (चौकटीत बसणारा सर्व्हर) मेलं तर प्रोफाइल दुसऱ्यावर लावायचं, ओळख तीच राहते, सॅनच्या झोनिंगला (कोणता सर्व्हर कोणत्या स्टोरेजशी बोलेल ते ठरवणं) हात लावावा लागत नाही.