मुलगी चिलखत बनवतेय, अभ्यासाचं काय?

कोल्हापूर जिल्ह्यातल्या एका वडिलांचं पत्र आलं आहे. त्यांचं चपला-बुटांच्या विक्रीचं आणि दुरुस्तीचं छोटं दुकान आहे. मुलगी अकरावी सायन्सला. ‘हेलो’ या व्हिडिओ गेममधल्या सैनिकाचं चिलखत ती पाच महिने घरी बनवते आहे. शिरस्त्राण, छाती, खांदे, हातातली बंदूकसुद्धा. सामान बरंचसं दुकानातलंच, सोलची शीट आणि चिकटवायचं सोल्युशन. सहामाहीला फिजिक्समध्ये काठावर पास झाली. ‘हे नुसतं वेड आहे की याचं पुढं काही होतं, खरं ते सांगा,’ असं वडील विचारतात. शेवटी एक ओळ आहे : ‘माझी बोटं सोल्युशननं काळी झाली, तिची होऊ नयेत म्हणून शिकवतोय.’

नमस्कार,

तुम्ही पाठवलेले फोटो मी मोठे करून सावकाश पाहिले. तुम्ही ते तयार शिरस्त्राण दिसावं म्हणून काढलेत, पण माझी नजर मागच्या भिंतीवर गेली. तिथं खाकी पुठ्ठ्याचे तीन खांदे टेकवून ठेवलेत, प्रत्येक आधीच्यापेक्षा थोडा लहान आणि वेगळ्या कापाचा. पहिल्यावर पेन्सिलनं लिहिलंय, ‘हात वर जात नाही’. दुसऱ्यावर, ‘मानेला लागतं’. तिसऱ्यावर काहीच लिहिलेलं नाही. तोच तिनं शीटमध्ये कापला असणार.

तिनं तिथं काय सोडवलंय ते सांगतो. ‘हेलो’मधला मुख्य सैनिक मास्टर चीफ चिलखतासकट जवळपास सात फुटांचा आहे. २००१ साली हा गेम आला तेव्हापासून जगभर लोक ते हिरवं चिलखत घरी बनवत आलेत आणि सगळे एकाच जागी अडतात. कॉम्प्युटरवर खांद्याची पट्टी मानेत घुसली तरी बिघडत नाही, खेळणाऱ्याला ते दिसतही नाही. खऱ्या अंगावर मात्र दोन वस्तू एका जागी मावत नाहीत. त्यात सव्वापाच फुटी मुलीसाठी ते नुसतं लहान करून भागत नाही. डोकं जेवढं आहे तेवढंच राहतं, मग शिरस्त्राण मोठं आणि धड किरकोळ दिसायला लागतं. प्रत्येक भागाचं माप वेगळं काढावं लागतं. पुठ्ठ्यावर करून बघायचं, चुकलं तर का चुकलं ते लिहून ठेवायचं, मग महाग माल कापायचा, ही शिस्त डिझाइन कॉलेजात पहिल्या वर्षी मुद्दाम शिकवावी लागते. तुमच्या मुलीला ती कुणी न शिकवता आली आहे.

बाकीचं काम तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळतं. ती वापरते तो ईव्हीए फोम, म्हणजे चपलेच्या सोलचाच माल. छातीला साधारण १० मिलिमीटर, बारीक नक्षीला २ ते ५. दोन्ही कडांना सोल्युशन लावायचं, ओल जाईपर्यंत थांबायचं आणि मग एकदाच नेमकं चिकटवायचं. एकदा धरलं की सरकत नाही. कड तिरकी कापली तरच कोपरा नीट मिटतो. चामडं कापायची रापी धरणाऱ्याला हे वेगळं सांगायला नको. पुढं हीट गननं, म्हणजे गरम हवा सोडणाऱ्या यंत्रानं, शेकून फोमची छिद्रं मिटवायची, पाणी घातलेल्या फेविकॉलचे तीन-चार हात द्यायचे, मग प्रायमर आणि रंग. शेवटी काळा पातळ रंग फासून पुसायचा आणि कडांवर कोरड्या ब्रशनं चंदेरी फिरवायचं, म्हणजे युद्धात घासलेलं लोखंड वाटतं. शिरस्त्राणाच्या डाव्या गालाची शिवण उघडलीय तिथं तिनं कड बहुधा सरळ कापली आहे.

आता तुमचा प्रश्न. खरं सांगा म्हणालात, तर भारतात नुसतं कॉस्प्ले करून, म्हणजे असे वेश करून, घर चालवणारी माणसं अगदी थोडी आहेत. मुंबईच्या कॉमिक कॉन या कॉमिक्स-गेमच्या मेळाव्यात स्पर्धा असते, बक्षीस मिळू शकतं, क्वचित कुणी ऑर्डर देतं. त्यावर आयुष्य बेतू नये. मुलगीही तसं म्हणत असेल तर तिलाही हे स्पष्ट सांगा. पण जे हात हे चिलखत बनवतात त्यांना लागणारी कामं मात्र खूप आहेत. सिनेमा-मालिकांचं कलादिग्दर्शन, नाटकाचं नेपथ्य, ड्रेपरी आणि प्रॉपर्टी, संग्रहालयातल्या प्रतिकृती, खेळणी, पादत्राणं आणि हेल्मेटचं डिझाइन, गेममधली पात्रं घडवणं. न्यूझीलंडमधली वेटा वर्कशॉप ही कंपनी सिनेमांसाठी चिलखतं आणि शस्त्रं बनवते. ‘हेलो’वरच्या २००७च्या लघुपटांसाठी याच सैनिकांची खरी चिलखतं तिथंच घडली. तिथं शिल्पकार, साचे करणारे, शिंपी, रंगारी अशी माणसं पगारावर काम करतात. इतक्या लांब कशाला, तुमच्या कोल्हापूरच्या बाबूराव पेंटरांनी आधी नाटकांचे पडदे रंगवले, मग मूव्ही कॅमेरा स्वतः जोडला आणि १९२०मध्ये ‘सैरंध्री’ केला.

म्हणून तुमच्या त्या ओळीवर थोडं बोलतो. बोटं काळी होऊ नयेत ही इच्छा मी समजू शकतो. पण तुम्हाला त्रास कामाच्या काळेपणाचा झाला की कामाला मोल न मिळाल्याचा? मला वाटतं, मोल न मिळाल्याचा. डिझाइनची पदवी घेतलेली मुलगी हातानंच काम करते, फक्त त्या कामाचं चित्र, माप आणि किंमत तीच ठरवते. तुमच्या मुलीला तिथं पोचवायचं आहे. हातातलं काम सोडवून ती तिथं पोचणार नाही.

वाटा अशा. बारावीनंतर डिझाइनच्या पदवीसाठी तीन परीक्षा महत्त्वाच्या : आयआयटी मुंबई घेते ती यूसीड, अहमदाबादच्या एनआयडी या राष्ट्रीय डिझाइन संस्थेची डॅट आणि निफ्ट या राष्ट्रीय फॅशन संस्थेची प्रवेश परीक्षा. कोणत्याही शाखेची मुलं त्या देऊ शकतात, त्यामुळे आत्ता सायन्स सोडायची गरज नाही. उलट सायन्स असलं की इंजिनीअरिंगचा दरवाजाही उघडा राहतो. निफ्टच्या दुसऱ्या टप्प्यात सिच्युएशन टेस्ट असते. समोर कागद, दोरा, तार असलं सामान ठेवतात आणि ठरलेल्या वेळात त्यातून वस्तू बनवायला सांगतात. क्लास लावूनही मुलं इथं गडबडतात. तुमची मुलगी गडबडेल असं मला वाटत नाही. तिची अडचण चित्रकलेची असू शकते. यूसीडला हातानं काढायचं चित्र असतंच. तिनं शाळेत एलिमेंटरी, इंटरमिजिएट दिली होती का, पत्रात नाही. नसेल तरी रोज अर्धा तास स्केच, तेही याच चिलखताचं, आजपासून सुरू करायला हरकत नाही. फॉर्म बारावीच्याच वर्षी दिवाळीच्या आगेमागे निघतात, तारीख चुकवू नका. यूसीड सलग दोन वर्षांत दोनदाच देता येते.

फी मात्र आधीच पाहा. एनआयडी आणि निफ्टचा खर्च छोट्या दुकानावर जड आहे, त्यामुळे शिष्यवृत्ती आणि शैक्षणिक कर्जाची चौकशी फॉर्मच्या आधी करा. ते जमलं नाही तर सरकारी किंवा अनुदानित कला महाविद्यालयातून शिल्पकला किंवा उपयोजित कला ही उत्तम वाट आहे. तिथून पदवी घेऊन पुण्याच्या एफटीआयआय या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये कलादिग्दर्शनाच्या अभ्यासक्रमाला अर्ज करता येतो. कॉम्प्युटरवर घडवण्यात रस असेल तर ब्लेंडर हे सॉफ्टवेअर फुकट आहे. पुण्यात युबिसॉफ्टचा गेम स्टुडिओ २००८पासून आहे. चिलखताचा सांधा खऱ्या हातावर कसा चालतो हे जिला माहीत आहे, तिची पडद्यावरची चिलखतंही वेगळी दिसतात.

पुठ्ठ्याचे ते तीन खांदे फेकू देऊ नका. रद्दीत गेले तर माझ्या मते शिरस्त्राणापेक्षा मोठं नुकसान. पोर्टफोलिओ, म्हणजे केलेल्या कामाचा संग्रह, बघणाऱ्यांना चकचकीत फोटो रोज दिसतात, चूक सुधारलेली फार कमी दिसते. एक वही करा. तारीख, माप, काय चुकलं, काय बदललं, किती खर्च झाला. पहिलं पान त्या पेन्सिलच्या ओळीचं असू दे.

अभ्यासाचं : पाच महिने एका कामाला चिकटलेली मुलगी आळशी नाही, तिनं वेळ वाटलेला नाही. वार्षिक परीक्षेपर्यंत चिलखत शनिवार संध्याकाळ आणि रविवार. बाकी दिवस पुस्तक, आधी फिजिक्स. हा करार तिच्याशी बसून करा, फर्मान काढू नका. आणि चिलखत पूर्ण होऊ द्या. अर्धवट सोडलेलं काम तिच्या मनाला लागेल आणि वहीही अर्धीच राहील.

एक काळजी आजच घ्या. सोल्युशनचा वास बंद खोलीत घेऊ देऊ नका. तुम्हाला सवय झालीय म्हणून तिला चालेल असं नाही. चिकटवणं आणि शेकणं गच्चीवर किंवा दारात. घासताना धुळीचा मास्क, पण तो वाफेला अडवत नाही, त्यासाठी कार्ट्रिजवाला मास्क लागतो. पाइपचा किंवा शीटचा पीव्हीसी हीट गननं शेकायचा नाही, त्याचा धूर विषारी असतो. आणि ती बंदूक कधी एसटीनं न्यावी लागली तर सुटी करून पिशवीत, बंद.

फोटोत खांदा छातीला दोरीनं बांधलेला दिसतोय. दोरी हात उचलला की सरकते. तुमच्या दुकानात सँडलचे बक्कल, चामड्याचे पट्टे आणि रिवेट असतीलच. या रविवारी दोन तास तिच्याजवळ बसा आणि पट्टा कुठं ठोकायचा ते तिला दाखवा. हात वर गेला की तो फोटो मला पाठवा.