गाव की शहर? जनगणनावाले ठरवतात तरी कसं

प्रश्न : आमच्याकडे सात-सात मजली बिल्डिंगा उभ्या राहिल्या, शेती नावाला उरलीय, कारभार मात्र अजून ग्रामपंचायतीचाच. २०११ च्या जनगणनेच्या यादीत गावाच्या नावापुढे 'सेन्सस टाऊन' असं दिसलं. मग आम्ही गावात राहतो की शहरात? आणि शहर असेल तर नगरपरिषद कुठंय?

उत्तर : मोजणीपुरतं शहर, कारभारापुरतं गाव. यात कुणाची चूक नाहीये. जनगणनेच्या हिशोबात शहरं दोन प्रकारची असतात. एक म्हणजे कायद्याने झालेली, जिथे महानगरपालिका, नगरपरिषद, नगरपंचायत किंवा कॅन्टोन्मेंट बोर्ड आहे, तिथे लोक थोडे असले तरी यादीत ते शहरच. दुसरं तुमचं सेन्सस टाऊन. त्याला राज्य सरकारने शहराचा दर्जा दिलेला नसतो, जनगणनावाले तीन चाळण्या लावून ते ठरवतात. वस्ती किमान ५,०००, चौरस किलोमीटरला किमान ४०० माणसं आणि मुख्य कामकरी पुरुषांपैकी निदान ७५ टक्के शेतीबाहेरच्या कामावर. तिन्ही लागतात, दोनवर भागत नाही.

मेख आहे ती तिसऱ्या चाळणीत. समजा एका गावात १२,४०० लोक आहेत आणि क्षेत्र ९ चौरस किलोमीटर, म्हणजे पहिल्या दोन आरामात पार. आता मुख्य कामकरी पुरुष (वर्षातले सहा महिने किंवा जास्त काम असलेले) धरा ३,२००, त्यातले शेतकरी आणि शेतमजूर ८७०, उरले २,३३०. भागून बघा, ७२.८ टक्के. गेलं! फक्त ७० माणसांनी हुकलं आणि एवढं मोठं गाव गावच राहिलं, आणि शेजारचं ५,१०० वस्तीचं, जिथले बहुतेक पुरुष कारखान्यात जातात, ते मात्र शहर म्हणून लागलं. बायकांचं काम या गणितात धरतच नाहीत, म्हणजे नवरा एमआयडीसीत आणि बायको दिवसभर रानात असली तरी या चाळणीला दिसतो तो फक्त नवरा. या कसोट्या १९६१ पासूनच्या आहेत, माझ्या मते 'फक्त पुरुष' ही अट आता जायला हवी, पण आपल्याला कोण विचारतंय.

आणि एक, ही यादी मोजणीच्या आधीच ठरते. २०११ ची सेन्सस टाऊन निवडली ती २००१ च्या आकड्यांवरून, त्यामुळे मधल्या दहा वर्षांत एखादं गाव झपाट्याने बदललं असेल तर ते त्या यादीत नसणार. तरीही देशात सेन्सस टाऊन १,३६२ वरून ३,८९४ झाली, जवळपास तिप्पट, आणि कायद्याची शहरं फक्त ३,७९९ वरून ४,०४१. म्हणजे तुमच्यासारखे भरपूर आहेत! नगरपरिषद द्यायची की नाही हा निर्णय राज्य सरकारचा, जनगणनेच्या शिक्क्याने ती आपोआप येत नाही, तोवर घरपट्टी ग्रामपंचायतीतच भरायची.

प्रश्न : आमच्या वाडीत साठेक घरं आहेत पण जनगणनेत वाडीचं नावच सापडत नाही, आम्हाला मोजलं तरी का?

उत्तर : मोजलंय, पण मूळ गावात धरून. खेड्यापाड्यात जनगणनेचं एकक म्हणजे महसुली गाव, ज्याच्या जमिनीची मोजणी होऊन हद्द नकाशावर पक्की झालीय ते, मग त्याच्यात चार वाड्या असोत की चौदा. ग्रामपंचायत वेगळी गोष्ट, एका गट ग्रामपंचायतीत तीन महसुली गावं असू शकतात आणि यादीत त्या तिघांच्या तीन ओळी येतात. गंमत म्हणजे जिथे एकही माणूस राहत नाही अशा बेचिराग गावालाही स्वतःचा कोड मिळतो आणि तुमच्या भरल्या वाडीला नाही, कारण कोड हद्दीला असतो, दिव्याला नाही.

प्रश्न : कॉलेजच्या प्रोजेक्टसाठी पालघर जिल्ह्याची २०११ ची लोकसंख्या हवीय, पण जिल्ह्यांच्या यादीत पालघरच नाही.

उत्तर : असणारच नाही, पालघर जिल्हा झाला १ ऑगस्ट २०१४ ला. मोजणीच्या आधी राज्यांना जिल्हे, तालुके, गावं यांच्या हद्दी गोठवायला लावतात आणि मग मोजणी संपेपर्यंत त्यात काही बदल करता येत नाही, नाहीतर एकच गाव दोनदा मोजलं जाईल नाहीतर एकदाही नाही. २०२७ च्या जनगणनेसाठी ही मुदत ३१ डिसेंबर २०२५ होती. तर तुम्ही असं करा, २०११ च्या ठाणे जिल्ह्यातले पालघर, वसई, डहाणू, तलासरी, जव्हार, मोखाडा, वाडा, विक्रमगड हे आठ तालुके काढून बेरीज मारा, २९,९०,११६ येईल. आणि तेवढेच ठाण्यातून वजा करायला विसरू नका, १,१०,६०,१४८ मधून ते गेले की आजच्या ठाण्याचे उरतात ८०,७०,०३२. मी असे तक्ते पाहिलेत ज्यात पालघर वेगळं दाखवलंय आणि ठाणे जुनंच ठेवलंय, तीस लाख माणसं फुकटात वाढली!

प्रश्न : मुंबईची लोकसंख्या कुठे १.२४ कोटी तर कुठे १.८४ कोटी. खरं काय?

उत्तर : दोन्ही २०११ चेच आणि दोन्ही बरोबर. पहिला बृहन्मुंबई महापालिका हद्दीचा. दुसरा नागरी समूहाचा, म्हणजे एकमेकांना चिकटून वाढलेली शहरं एकत्र धरून केलेला, त्यात ठाणे, नवी मुंबई, कल्याण-डोंबिवली, मीरा-भाईंदर, उल्हासनगर, अंबरनाथ, बदलापूर येतात. वसई-विरार मात्र २०११ मध्ये त्यात नाही, तिकडचे रोज चर्चगेटला येत असले तरी.